हरकतीची मुदत

काका, तुम्ही नेहमी म्हणायचात, हरकत असेल तर तोंडी सांगू नये, लेखी द्यावी. म्हणून लिहिते आहे. मुदत संपलेली आहे हे मला माहीत आहे. तरीही घ्या.

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत तुमच्याविषयी सगळे चांगलं बोलले. मेश्राम काका म्हणजे किती शांत, किती नीटनेटके, किती समाजासाठी झटणारे. मी मान डोलवत राहिले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले, "काकांनी मला..." एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं रडू आलं. रडू नव्हतं आलं, काका. राग आला होता. तो अजून गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसावर रागावल्यावर त्याचं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तुम्ही स्वतःला पुसून टाकलंत. आणि ते काम माझ्या हातून करून घेतलंत.

पहिल्यापासून सांगते, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पप्पा इथे दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या अतिथीगृहात खोल्या सांभाळतात. मी कॉम्प्युटर सायन्स घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं हे त्यांना अजून सांगता येत नाही, "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढं ते अभिमानाने सांगतात. पण कॉम्प्युटर घरी नव्हता. मी प्रोग्राम वहीत लिहायचे आणि लॅबमध्ये नंबर लागला की टाइप करायचे. हे मी कुणाला बोलले नव्हते. पहाडगंजच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीने वर्गात आपण होऊन काही बोलायचं नसतं, असं मला तेव्हा वाटायचं. तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. जयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या लावताना तुम्ही जवळ आलात आणि म्हणालात, "प्रज्ञा, रविवारी घरी ये. एक मशीन बसवायचं आहे. मला जमत नाही."

तुम्ही तेव्हा रिटायर होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आला होतात. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडताना काकूंनी अर्धं सामान देऊन टाकलं, पण तुमच्या चार ट्रंका तशाच आल्या. कॅसेटी, व्हिडिओच्या टेपा, सीड्या, पेनड्राइव्ह. दिल्लीतल्या आपल्या लोकांची लग्नं, नामकरणं, वंदना, विहारातली भाषणं, विदर्भातून पहिल्यांदा इकडे नोकरीला आलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. आणि कागद: प्रत्येक घराचे दाखले, सेवापुस्तकं, जातीची प्रमाणपत्रं, सगळं तुम्ही स्कॅन करून ठेवलेलं. कुणाचं काही हरवलं की लोक तुमच्याकडे यायचे. एका सरकारी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी संपवून तुम्ही घरी दुसरी रेकॉर्ड रूम उघडली होती.

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात आपण दोघं गेलो होतो. एका ऑफिसातून कंडेम होऊन आलेला डेस्कटॉप तुम्ही निवडलात. दुकानदार म्हणाला, "अंकल, इतना पुराना क्यों ले रहे हो? नया ले लो." तुम्ही म्हणालात, "भाई, मैं भी कंडेम हूँ, चल रहा हूँ ना." त्यात दोन हार्ड डिस्क घातल्या, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, आणि चपलांच्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून मशीन तिथे बसवलं. उन्हाळ्यात ते तापायला लागलं तर तुम्ही कपाटाचं दार उघडून समोर कूलर लावलात. पाण्याचा कूलर! मी किंचाळले होते. "काका, ओलावा जातोय आत!" तुम्ही म्हणालात, "अगं, मला बरं वाटतं, त्यालाही वाटेल." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला कधी लावला नाही असा कूलर." आपण तिघंही हसलो होतो.

ते मशीन बसवायला दुकानातला कोणीही माणूस आला असता. एका दिवसात बसवून गेला असता. तुम्ही मला दीड वर्ष दर रविवारी बोलावलंत. मशीन तुम्हाला हवं होतं की ते माझ्यासाठी होतं, हे मला विचारायचं होतं. कितीदा ओठांवर आलं. वाटायचं, विचारलं तर तुम्ही "बिल्कुल नाही" म्हणाल आणि मग रविवार थांबतील.

मी त्यावर सगळं शिकले, काका. परीक्षेत मिळालेले मार्क तुमच्या चपलांच्या कपाटातून आलेत.

आता रागाचं.

तुमचं वीडिंग. रेकॉर्ड रूममध्ये दरवर्षी जुन्या फायली निवडून नष्ट करतात त्याला हा शब्द आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. ए कॅटेगरी कायम ठेवायची, बी कॅटेगरीही ठेवायची, सी कॅटेगरी काही वर्षांनी फाडायची. डिस्क भरत आली तेव्हा तुम्ही घरातही तेच सुरू केलंत. मी म्हटलं, काका, मोठी डिस्क घेऊ. तुम्ही म्हणालात, "जागा वाढवत गेलो तर कचरा वाढतो. निवडायला शिकायचं असतं." आणि पद्धतही तुमचीच. आधी यादी लावायची, तीस दिवस हरकती मागवायच्या, हरकत आली नाही तर नष्ट. "प्रज्ञा, असं काहीतरी बनव की मला पुन्हा बघावं लागणार नाही. माझा हात थरथरतो डिलीट दाबताना."

मी बनवलं. छोटासा प्रोग्राम होता, जेमतेम वीस ओळींचा. 'नष्ट' नावाच्या फोल्डरमध्ये फाईल टाकली की दिवस मोजायला सुरुवात. तीस झाले की सकाळी अकरा वाजता गायब. कुणाला विचारायचं नाही, परत मिळणार नाही. अकराची वेळसुद्धा तुम्हीच सांगितलीत, ऑफिसात फाडायला त्याच वेळी बसायचे म्हणून. त्या प्रोग्रामवर मी इतकी खूश होते की कॉलेजात मैत्रिणीला दाखवला होता.

आणि आपलं भांडण. मी तुम्हाला समजावत होते की दोन डिस्कवर एकच गोष्ट एकाच वेळी लिहिली जाते, त्याला मिरर म्हणतात, तो बॅकअप नाही. तिसरी डिस्क हवी, मशीनच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या घरी.

"दोन प्रती आहेत ना?" तुम्ही म्हणालात. "सरकारातसुद्धा दोनच असतात."

"काका, डिस्क बिघडली तर दोन उपयोगाच्या. माणूस चुकला तर दोन्हीकडे तीच चूक होते."

"मी चूक करत नाही."

"सगळेच करतात."

"अच्छा. आता तू मला रेकॉर्ड सांभाळायला शिकवणार."

मी म्हणाले, "तुम्हाला यातलं कळत नाही, काका."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडून आलं. जिला तुम्ही कळायला शिकवलंत तिच्या. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि काकूंना म्हणालात, "हिला चहा दे." मी चहा न घेता निघाले. त्यानंतर चार रविवार आले नाही. परीक्षा आहे म्हणून कळवलं. परीक्षा होती, पण इतकीही नव्हती. मधे तुमचा मेसेज आला: "जय भीम. पेपर कसे गेले?" मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

भांडण झालं त्याच आठवड्यात तुम्ही यादी लावली होतीत. मला नंतर कळलं.

तुम्ही गुरुवारी गेलात. हॉस्पिटलात दोन दिवस होतात, तेव्हाही मला कुणी सांगितलं नाही. तुम्हीच नको म्हणाला होतात, तिचे पेपर आहेत. शुक्रवारी अंत्यसंस्कार झाले. रविवारी सगळ्यांना सुट्टी, म्हणून रविवारी घर भरलं. द्वारका, रोहिणी, फरीदाबाद, कुठून कुठून लोक आले. पांढरे कपडे, चपलांचा ढीग दाराबाहेर, कारण कपाटात तुमचं मशीन. मी पाणी देत होते. अकरा वाजले असतील तेव्हा मी त्याच कपाटासमोर ट्रे घेऊन उभी होते. मशीनचा दिवा लुकलुकला. मला वाटलं, चालू आहे, बरं आहे.

मंगळवारी दुपारी काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर तुमची लेक सुनंदाताई नागपूरहून आलेल्या पाहुण्यांशी बोलत होती.

"प्रज्ञा, एक काम करशील?"

"सांगा ना, काकू."

"पुण्यानुमोदनाला लोक येतील. सगळे यांच्याबद्दल बोलतील. यांचाच आवाज लाव थोडा वेळ. ती आईला पाठवलेली कॅसेट आहे ना, ती."

ती कॅसेट. तुम्ही नव्याने दिल्लीला लागलात तेव्हा आईला पत्र लिहून उपयोग नव्हता, तिला वाचता येत नव्हतं. म्हणून तुम्ही कॅसेटवर बोलून ती कॅसेट वर्ध्याकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी गावी पाठवायचात. आई गेल्यावर त्या सगळ्या कॅसेटी एका डालड्याच्या डब्यात परत आल्या. आपण त्या मशीनवर उतरवल्या तेव्हा मी हेडफोन काढून स्पीकर लावला होता. तेवीस वर्षांचे तुम्ही, किती घाईघाईने बोलत होतात. "आई, इथे थंडी अशी आहे की नळाचं पाणी चावते. आई, मला साहेबांनी खुर्ची दिली, लोखंडाची आहे पण माझी आहे." आणि मग, "आई, तू सांगितलेली मुलगी पाहिली. उंच आहे. कमी बोलते."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज: "खोटं! मी कमी बोलत होते? यांनीच काही विचारलं नव्हतं!"

तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. काकू लाटणं घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा लाव गं, पुन्हा लाव ते." तीनदा लावलं.

मी मशीन उघडलं. त्या कॅसेटींचं फोल्डर होतं. आत काही नव्हतं.

मला वाटलं मी चुकीच्या जागी बघते आहे. शोध घेतला. तुमच्या सेवानिवृत्तीचं भाषण शोधलं, तेही नाही. जुन्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती होत्या, पण प्रत्येकीच्या सुरुवातीला तुम्ही बोलायचात ना, आज कोण बोलणार, कुठून आले, तेवढे तुकडे कापलेले. फाईल सुरू झाली की एकदम समोरचा माणूस बोलायला लागतो, कुणी प्रश्न विचारलाच नसल्यासारखा. सगळे होते. मी होते, पप्पा होते, काकू होत्या, माणसं गेलेली आणि असलेली. तुम्ही कुठेच नव्हतात.

मग मला यादी सापडली. 'सूचना' नावाच्या फोल्डरमध्ये, जे तुमच्यामाझ्याखेरीज कुणी उघडत नाही.

"१. आईस पाठवलेल्या कॅसेटी, सर्व. खाजगी. समाजास उपयोग नाही. सी. प्रस्ताव: नष्ट. (मूळ कॅसेटींना बुरशी, त्या पूर्वीच रद्दीत दिल्या.)

२. सेवानिवृत्ती समारंभ, माझे भाषण. ऐकण्यासारखे काही नाही. सी. नष्ट.

३. मुलाखतींतील माझी प्रास्ताविके. माहिती फाईलच्या नावात आहे. पुनरुक्ती. नष्ट.

मोकळ्या होणाऱ्या जागेत नव्या मुलांचे दाखले घ्यावेत. हरकत असल्यास कु. प्रज्ञा हिने मुदतीत लेखी नोंदवावी."

कु. प्रज्ञा हिने. तुम्हाला माहीत होतं, काका. डॉक्टरांनी हृदयाचं तुम्हाला महिनाभर आधी सांगितलं होतं, काकूंना त्याची चिठ्ठी नंतर तुमच्या खिशात सापडली. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बसून स्वतःला सी कॅटेगरीत टाकलंत. कोण तुम्ही ठरवणारे? ऐकण्यासारखं काही नाही, हे बोलणाऱ्याने ठरवायचं असतं का? आयुष्यभर तुम्ही आम्हाला सांगितलंत की आपल्या माणसांची नोंद कुणी ठेवली नाही म्हणून आपण ठेवायची. मग तुम्ही कोणाची माणसं होतात? आमची नव्हतात?

आणि मी. मी रागावून बसले नसते, एक रविवार आले असते, तर नेहमीप्रमाणे आधी 'सूचना' उघडलं असतं. मी बघितलं असतं आणि ओरडले असते. तुम्हाला ते हवं होतं का? मी ओरडावं म्हणून यादी लावली होती का? की खरंच जागा हवी होती? हे मला कधीच कळणार नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तरी मंगळवारी मला एक आशा होती. डिलीट केलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त मोकळी आहे असं लिहिलं जातं, आणि दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती तिथेच असते. मी शेवटच्या दोन दिवसांत मशीनवर काय आलं ते पाहिलं.

शेकडो फोटो आले होते.

आपणच लावून दिलं होतं ना, घरच्या वायफायवर कुणाचा फोन आला की त्याचे नवे फोटो आपोआप मशीनवर उतरतील. "लोकांना सांगत बसायला नको," असं तुम्ही म्हणाला होतात. रविवारी घर भरलं, सगळ्यांचे फोन जोडले गेले. अंत्यसंस्काराचे फोटो. हार घातलेले तुम्ही. पांढऱ्या चादरीतले तुम्ही, शंभर कोनांतून. कुणीतरी चितेचा व्हिडिओ काढला होता, पुष्कळ मोठा. अकरा वाजता तुमचा आवाज पुसला गेला आणि साडेअकरापासून त्या जागेवर तुमचं प्रेत लिहिलं जायला लागलं. त्यात माझा फोन होता. मीसुद्धा चार फोटो काढले होते. चारही उतरले होते.

मी मशीनची वायर ओढली. नीट बंदसुद्धा केलं नाही. बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "मशीन बिघडलंय, काकू. बघते काय होतं."

खोटं बोलले. पुण्यानुमोदनाला तुमचा आवाज लागला नाही. भंतेजींनी वंदना घेतली, लोक तुमच्याविषयी बोलले, आणि मी ते वाक्य अर्धं सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी मी नेहरू प्लेसला पुसलेला डेटा परत काढून देणाऱ्या एकाकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुरंत बंद कर दिया, अच्छा किया. अब उस डिस्क पे एक अक्षर मत लिखना. चालू भी मत करना. निकलेगा तो टुकड़ों में निकलेगा, गारंटी कुछ नहीं." मग त्याने विचारलं, "है क्या इसमें?"

"आवाज है किसी की."

"किसकी?"

चाचा म्हणावं तर तुम्ही पप्पांचे भाऊ नाही. सर म्हणावं तर तुम्ही कधी शिकवायला उभे राहिला नाहीत. मी म्हणाले, "जिन्होंने मुझे ये काम सिखाया." तो म्हणाला, "तो फिर आप ही सीख लो निकालना. मुझसे सस्ता पड़ेगा, और आप ज़्यादा ध्यान से करोगी." मला त्याचाही राग आला. पण तो बरोबर होता.

म्हणजे मशीन बंद ठेवायचं. मी शिकेपर्यंत, कदाचित वर्षभर. मला वाटलं, हे जमेल. कुणाला काय फरक पडतो.

नवव्या दिवशी आपल्या समाजातल्या वैशालीची आई आली. वैशालीला ऍडमिशनसाठी जातीची पडताळणी करायची आहे. जन्म दिल्लीचा, जात महाराष्ट्राची, म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा. मूळ दाखला घडीवर फाटून गेलेला. धड प्रत तुमच्या मशीनवर. दोन दिवसांत द्यायची होती. वैशालीची आई काकूंसमोर हात चोळत उभी होती. "वहिनी, अशा वेळी मागायला लाज वाटते."

काकू म्हणाल्या, "लाज कसली? त्यासाठीच तर ठेवलंय. प्रज्ञा, मशीन झालं का दुरुस्त?"

वैशालीची आई गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि काकूंना सगळं सांगितलं. प्रोग्राम, यादी, तीस दिवस, फोटो. माझं न येणं. काहीही वगळलं नाही. मशीन लावलं तर दाखला मिळेल, पण लावलं की ते आपलं आपण काही ना काही लिहीत राहतं, आणि काकांचं जे काही उरलं असेल ते जाईल, हेही सांगितलं.

काकू म्हणाल्या, "यादी लावली होती म्हणतेस. कुठे?"

"मशीनवर."

"मला ते उघडता येत नाही, हे यांना ठाऊक नव्हतं?"

मी यादी आठवेल तशी म्हणून दाखवली.

"लोकांच्या फायली फाडून पेन्शन घेतली, आणि घरी येऊन स्वतःला फाडलं." काकूंचा आवाज चढला. तो तसा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "समाजास उपयोग नाही म्हणे. मी समाजात नाही का? माझं लग्न ठरलं त्या कॅसेटवर! मला विचारलं? एका शब्दाने विचारलं? त्या वेळीसुद्धा काही विचारलं नव्हतं आणि जातानाही नाही." सुनंदाताई धावत आली. काकूंनी तिला हाताने थांबवलं. "रडत नाहीये मी. चिडलेय. चिडू दे मला."

काका, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं, सांगता येत नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याच भाषेत बोललं.

मग काकू उठल्या, कपाटापाशी गेल्या, चपलांच्या वरचा कप्पा उघडला. "यात दोन आहेत म्हणायची ना तू? सारख्या?"

"हो. दोन डिस्क. एकीवर जे, तेच दुसरीवर."

"मग एक लोकांना दे. एक मला दे."

चार दिवस मी डोकं फोडत होते, डेटाच्या दुकानात जाऊन आले होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. मिरर तोडायचा. एक डिस्क मशीनमध्ये, दाखल्यासाठी, वैशालीसाठी, पुढे येणाऱ्या सगळ्यांसाठी. दुसरी बाहेर, न हात लावलेली, आहे तशी. ज्या तिसऱ्या डिस्कवरून मी तुम्हाला नको ते बोलले, तिची जागा आता दुसरीने घेतली. मशीनच्या बाहेर एक प्रत हवी, हे तुमच्या घरात शेवटी मान्य झालं. त्यासाठी तुम्हाला जावं लागलं. मी जिंकले, काका, आणि मला ते अजिबात नको आहे.

काल सकाळी मी स्क्रू काढले. काकूंनी डिस्क हातात घेतली, वजन बघितलं, "एवढीशी?" म्हणाल्या. ओल लागू द्यायची नाही, लोहचुंबकाजवळ ठेवायची नाही, एवढं मी सांगितलं. त्यांनी ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डबा लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये टाकला आणि किल्ली कमरेला खोचली.

"यातून आवाज निघेल?"

"माहीत नाही, काकू. कदाचित तुकडे. कदाचित काहीच नाही. मला आधी शिकावं लागेल."

"शीक मग."

मी आधी तो वीस ओळींचा प्रोग्राम काढून टाकला. मग फोटो आपोआप उतरणं बंद केलं. वैशालीच्या आजोबांचा दाखला काढून पाठवला, दोन मिनिटांचं काम. वैशालीच्या आईचा फोन आला, ती रडत होती, तुमचं नाव घेत होती. मी तिला हो हो म्हणाले.

तेवढ्यात मशीन बीप करायला लागलं. ती सोय मीच केली होती, एखादी डिस्क निखळली तर कळावं म्हणून.

"हे का ओरडतंय?" काकूंनी विचारलं.

"एक डिस्क नाहीये ना. तिच्या जागी नवी बसवेपर्यंत दर मिनिटाला सांगत राहणार." मी कीबोर्ड जवळ ओढला. "बंद करते. एक ओळ लिहायची फक्त."

काकूंनी माझा हात धरला. त्या खुर्ची ओढून कपाटासमोर बसल्या, तुमच्या जागेवर. मशीन पुन्हा ओरडलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ओरडू दे त्याला."